ज्येष्ठातली साल

दर सोमवारी सकाळी इरप्पामामा आमच्या ओसरीवर येऊन बसायचे आणि माझ्या गळ्यातली झाडाच्या सालीची डबी मागायचे.

"अव्वा, डबी दे. साल ऐकायची हाय."

मी गळ्यातला दोरा डोक्यावरून काढून डबी त्यांच्या हातावर ठेवायची. ते ती डाव्या तळहातावर घ्यायचे, उजव्या हाताने झाकायचे आणि डोळे मिटून ओठ हलवत बसायचे. चुलीवरचं दूध तापून वर यावं एवढा वेळ. मग डबी कपाळाला लावून परत द्यायचे. "ठीक हाय. बोलती हाय अजून." पाणी विचारलं की हात आडवा करून म्हणायचे, "साकु." अव्वा म्हणजे कानडीत आई, लेकीबाळींनाही लाडाने तसंच म्हणतात; आणि साकु म्हणजे पुरे. एवढं बोलून काठी टेकत चालू लागायचे.

हे सहा वर्षं चाललं. एकही सोमवार चुकला नाही. मी तोंडाची फटकळ, त्यांची थट्टा केल्याशिवाय मला राहवायचं नाही. "मामा, ऐकायचं तर कान लावा की, डोळे कशापायी मिटताय?" ते बिनदाताचं हसायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला डोळ्यांनी दटावायच्या. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाशी मर्यादेने बोलावं म्हणून दटावतात. मी किती गोष्टी अशाच समजून चालले होते.

आमचं गाव तामलवाडीपासून दोन कोसांवर. आमच्याकडे निजामाचं राज्य, पलीकडे सोलापूर इंग्रजांचं, मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. गावात निम्म्या घरांत मराठी बोलत, निम्म्यांत कानडी, आणि भांडणात दोन्ही. वस्ती बरीचशी आम्हा लिंगायतांची. मूल जन्मलं की काही दिवसांतच स्वामी, म्हणजे आमचे गुरू, त्याच्या गळ्यात लिंग बांधणार. मुलगा असो की मुलगी. मोठ्या सुपारीएवढं, वरून काळा लेप दिलेलं. ते ज्याचं त्याचं. नवऱ्याचं बायकोला चालत नाही, आईचं लेकीला चालत नाही. रोज ते तळहातावर घेऊन पूजा करायची, त्याआधी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवून पुरतात, आणि तेच लिंग त्याच्या डाव्या हातावर ठेवतात.

ते हरवणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. वरच्या आळीतल्या एका बाईचं लिंग ओढ्याच्या पाण्यात वाहून गेलं, तर तिला माहेरी पाठवली ती पाठवलीच. माझ्या लग्नाआधीची ही गोष्ट, पण आत्याबाईंनी मला ती पहिल्याच आठवड्यात दोनदा सांगितली.

पैसेवाल्यांची लिंगं चांदीच्या डबीत असत, बाकीच्यांची कापडात बांधलेली. आमच्या गावात मात्र तिसरी तऱ्हा होती, इरप्पामामांची सालीची डबी. आणि तिचा मान चांदीपेक्षा वरचा होता. आमच्या घरातल्या बायका तर पिढ्यानपिढ्या सालीचीच डबी घालत आलेल्या. आत्याबाईंची डबी मामांच्या वडिलांच्या हातची होती आणि त्या ती अशा मिरवायच्या की जणू कांडोळाचं झाड त्यांनीच लावलं होतं.

कांडोळ हे माळावर, दगडात वाढणारं झाड. खोड पांढरंफेक, म्हणून लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. मामांचं घर गावाबाहेर विहिरीच्या वरच्या अंगाला होतं आणि मागच्या माळावर असे सहा-सात कांडोळ होते. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. ज्येष्ठ लागला की ते बोटांनी खोडांवर टकटक करत फिरायचे. "ह्याला पाणी चढलंय." "हे अजून झोपलंय." ज्याला पाणी चढलं असेल त्याच्या खोडावर आपला पंजा ठेवायचे, पंजाच्या दोन्ही अंगांना विळ्याने रेघ ओढायचे आणि लाकडी मोगरीने हलके हलके ठोकायचे. साल आपण होऊन सुटून हातात यायची. पंजाएवढी रुंद पट्टी निघाली की म्हणायचे, "साकु." झाड केवढंही असो, पंजाच्या वर साल नाही, आणि एकदा साल घेतली की तीन वर्षं त्या झाडाला हात नाही.

एकदा एका शेतकऱ्याने बैलांच्या गोठ्याला आडोसा हवा म्हणून एका कांडोळाची साल चारी बाजूंनी सोलली. मामांनी त्या खोडाला शेणमातीचा लेप दिला, गोणपाट गुंडाळलं आणि त्या माणसाला बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुज्या अंगावरचं धोतर कुणी मागितलं तर देशील बाबा. कातडं मागितलं तर?" तो माणूस पुढे ज्येष्ठात मामांच्या मागे मोगरी घेऊन फिरायचा.

काढलेली साल ते विहिरीजवळच्या दगडी डोणीत भिजत घालायचे. मग लाकडाच्या खुंटीवर गुंडाळायची, आपट्याच्या सालीचा दोरा दाभणात ओवून शिवायची, तळ बसवायचा आणि शिवण लाखेने बुजवायची. बियाणाला मोठे डबे, विभूतीला मधले, लिंगाला लहान डबी. झाकण इतकं नेमकं बसायचं की उघडताना फुस्स असा आवाज व्हायचा. मामा त्याला डबीचं बोलणं म्हणायचे.

राहिलेले डबे ते सोलापुरात विकायला न्यायचे. नाक्यावरचा शिपाई दर खेपेला तेच विचारी, "क्या है रे बुढ्ढे इसमें?" मामा पाटी खाली ठेवून गंभीरपणे सांगत, "जगा हय साब. खाली जगा." शिपाई सगळी झाकणं उघडून बघायचा आणि म्हणायचा, "खाली जगे पे करोडगिरी नै लगती. जाव." ही गोष्ट मामा दर वेळी नवी असल्यासारखी सांगायचे आणि आम्ही हसायचो.

आता माझ्या डबीकडे येते. सासरे आजारी होते, त्यांच्या डोळ्यांदेखत सून घरात यावी म्हणून माझं लग्न घाईघाईने मार्गशीर्षात ठरलं. आठ दिवस उरले असताना आत्याबाई मामांकडे गेल्या. त्या दिवशी काय बोलणं झालं, ते मला फार उशिरा, त्यांच्याच तोंडून कळलं.

"सून यायची हाय इरप्पा. डबी पायजे."

"ज्येष्ठात करून देतो, अक्का."

"लगीन आठ दिसांवर आलंय, आन् तुमी ज्येष्ठाचं काय सांगताय?"

"ज्येष्ठातली साल सरली, आन् आता झाड साल सोडत न्हाय. ओढून काढावी लागंल. ओढून काढल्याली साल झाडाला इसरत न्हाय, अक्का. कितीबी वळवा, सुकली की उलटती."

"मग माजी सून कापडात लिंग बांधून हिंडंल? ह्या घरात? लोक काय म्हणतील?"

मामा तास न् तास झाडाशी हुज्जत घालतील, पण बाईमाणसाशी त्यांना वाद घालता येत नसे. दुसऱ्या खेपेला ते कबूल झाले. "बरं. पर ज्येष्ठात म्या बदलून देणार. तवर वाकताना झाकणावर हात ठिवायला सांगा तिला." डबी तयार झाली. झाकणावर त्यांनी विळ्याच्या टोकाने बेलाचं पान कोरलं. ओढून काढलेली साल कडक, त्यामुळे मधलं पान जरा वाकडं आलं. डबी माझ्या गळ्यात पडली. झाकणावर हात ठेवायचा निरोप मात्र माझ्यापर्यंत आला नाही.

वैशाखात ती उलटली. मी सकाळी विहिरीच्या शेवटच्या पायरीवर वाकून घागर बुडवत होते. गळ्याशी टक् असा आवाज झाला. समोरच्या पाण्यात काहीतरी काळं पडलं आणि एकच बुडबुडा वर आला. पुढच्या क्षणी बेलाचं पान कोरलेलं झाकण पाण्यावर तरंगताना दिसलं. मी गळ्यातली डबी चाचपली. आत काही नव्हतं. मी ओरडलेसुद्धा नाही. सोळा वर्षांची होते. वरच्या आळीतली ती बाई आणि तिच्या मागे बंद झालेलं दार, एवढंच मला दिसत होतं.

मामा वर ज्येष्ठासाठी डोणी घासून ठेवत होते. माझ्या हातातून घागर सुटल्याचा आवाज ऐकून ते पायऱ्या उतरून आले. तरंगतं झाकण त्यांनी पाहिलं, माझा गळा पाहिला. त्यांचा चेहरा विभूतीसारखा पांढरा झाला.

"कुणी बघितलं?"

"न्हाय."

"मग घरला जा. आज उपास हाय म्हणून सांग. पाण्याचा थेंब घिऊ नको. म्या काडतो."

"मामा, मला घालवून देतील."

"तुला कशापायी? झाकण म्या क्येलं हुतं. चूक डबीची, म्हंजी माजी. तू जा अव्वा."

वैशाखाच्या उन्हात मी दिवसभर तोंडात पाणी न घेता स्वयंपाक केला, दळलं, सासऱ्यांना औषध दिलं. विहिरीवरून येणाऱ्या बायका सांगत होत्या, इरप्पाचा विळा पाण्यात पडलाय म्हणे, म्हातारा सकाळपासून बुड्या मारतोय, वेड लागलंय. प्रत्येक बुडीबरोबर माझाही जीव खाली जात होता. ऊन कललं तरी मामा आले नाहीत.

दिवे लागायच्या वेळेला ते ओसरीवर येऊन उभे राहिले. डोळे लाल, केसांतून पाणी गळत होतं. "अव्वा, तहान लागली. पाणी आण." मी तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा आत्याबाई शेजारीच वाती वळत बसल्या होत्या. मामांनी ओल्या फडक्याची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, "डबीला दुसरं झाकण केलंय, हे घे. ज्येष्ठात नवी देतो." आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "गाळात हुतं. सापडलं."

मी धावत देवघरात गेले. पूजा केली. मग बाहेर येऊन तोच तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. मामा बघत उभे होते. मग मला आठवलं, पाणी त्यांनी मागितलं होतं. मी दुसरा तांब्या भरून आणला. त्यांनी हात आडवा केला.

"साकु."

त्यानंतर त्यांनी आमच्या घरी कधी पाणी घेतलं नाही. कुणाच्याच घरी घेतलं नाही. ज्येष्ठात त्यांनी मला नवी डबी आणून दिली, आजवर तशी डबी मी पाहिलेली नाही. आणि तेव्हापासून दर सोमवारी साल ऐकायला येऊ लागले.

हळूहळू गावाच्या लक्षात आलं की इरप्पा बदलला. लग्नकार्यात पंगतीला बसेना. पूजेच्या वेळी कुणी गेलं तर झाडामागे जाऊन बसे. तब्येत खंगत चालली. कुणी म्हणालं, म्हातारा चिक्कू झाला, आपल्यालाही कधी जेवायला घालावं लागेल म्हणून पंगत टाळतो. कुणी म्हणालं, सिद्धी मिळवायच्या नादाला लागलाय. मी काय म्हणाले, तेही सांगून टाकते. मी म्हणाले, "वय झालं की माणसं विक्षिप्त होतात." मला दोन मुलं झाली होती, घरात किल्ल्या माझ्या कमरेला आल्या होत्या, आणि कुणाबद्दलही मत द्यायला मी मोकळी होते.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या हिवाळ्यात इरप्पामामा गेले. त्या वर्षी गावं भेदरलेली होती. पुष्कळ लोक नाका ओलांडून सोलापूरकडे गेलेले. तरी जे होते ते सगळे मामांच्या अंगणात जमले. बहुतेकांच्या गळ्यात त्यांच्याच हातची डबी होती. मी धाकट्या मुलीला कडेवर घेऊन आत्याबाईंबरोबर बायकांत उभी होते. मामांना आंघोळ घालून, विभूती लावून भिंतीशी मांडी घालून बसवलं होतं. इतके वाळले होते की मागे बेलाच्या फांद्या ठेवून आधार द्यावा लागला.

म्हातारे स्वामी पुढे झाले. त्यांनी मामांच्या गळ्यातली डबी काढली, मंत्र म्हणत झाकण उघडलं आणि मामांच्या डाव्या तळहातावर उपडी केली.

हातावर पडला तो सालीचा तुकडा.

स्वामींनी डबीत बोट घालून पाहिलं. डबी हलवली. मग कुणीतरी ओरडलं, "लिंग न्हाय!" आणि एकदम गलका झाला. "भवी हुता म्हातारा! बिनलिंगाचा!" "आन् ह्याच्या हातच्या डब्या आपुन गळ्यात घालून बसलोय!" एकाने खरोखरच आपल्या गळ्यातला दोरा ओढला.

स्वामी खाली बसले. "लिंग नसलेल्याला मी समाधी कशी देऊ? मला तो अधिकार नाही. ह्याला बाहेर माळावर न्या."

मामांची शेजारीण चांदबी, पिंजाऱ्याची बायको, कुंपणापाशी उभी होती. गेली काही वर्षं तीच त्यांचं दुखलंखुपलं बघायची. ती रडत रडत बोलली, "ऐसा नको बोलू महाराज. रोज अर्धी भाकर, तीबी आसू गाळत खायचे. पानी पितानाबी माफी मागायचे. मी इचारलं तर बोले, मेलो तर सोमवार कोन करंगा? सोमवारलाच पेट भर के खाते थे. बोलते थे, आज पूजा हुई मेरी."

सोमवार.

मी पुढे गेले. कशी गेले ते आठवत नाही. मामांच्या हातावरचा तो तुकडा वाकून पाहिला. उलटलेलं झाकण होतं. वर बेलाचं पान कोरलेलं, मधलं पान वाकडं.

सहा वर्षं मी रोज तळहातावर घेत होते ते लिंग माझं नव्हतं. माझं त्या विहिरीच्या गाळात होतं, अजूनही आहे. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत बुड्या मारूनही ते सापडलं नाही, तेव्हा ह्या माणसाने आपल्या गळ्यातलं काढून फडक्यात बांधलं, विहिरीच्या पाण्यात भिजवलं आणि माझ्या हातात दिलं. आणि मी पाणी प्यालेलं त्याने उभं राहून बघितलं. मामांनी स्वामींकडे जाऊन स्वतःसाठी दुसरं मागितलं असतं तर स्वामींनी विचारलं असतं, तुझं कुठं गेलं? मामांना स्वामींशी खोटं बोलता आलं नसतं आणि खरं बोलले असते तर माझं घर गेलं असतं. म्हणून ते दर सोमवारी माझ्या ओसरीवर येऊन स्वतःच्या लिंगाची पूजा करून जात होते. साल ऐकायला! आणि मी त्यांना कान लावा म्हणत होते.

अजून एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या लिंगाला लग्नात नवा लेप दिलेला होता, तुकतुकीत. त्या संध्याकाळी फडक्यातून निघालं त्याच्यावर वर्षानुवर्षांच्या विभूतीचा करडा थर होता. मला ते दिसलं होतं. गाळ लागला असेल, असं मनाला सांगून मी पाण्याचा तांब्या उचलला होता.

चार माणसं मामांना उचलायला पुढे आली. बाहेर, माळावर. मुलगी माझ्या कडेवर होती, मुलगा पदर धरून होता, नवरा पुरुषांत उभा होता. तोंड उघडलं तर ह्यातलं काय राहील, ते मला माहीत नव्हतं. मी मुलीला खाली ठेवलं आणि गळ्यातला दोरा काढला.

"स्वामी, त्यांचं लिंग हाय. माज्या गळ्यात हाय."

स्वामींनी मान वर केली. "काय बोलतेस तू?"

मी सगळं सांगितलं. विहीर, झाकण, बुड्या, फडकं.

"तुला ठाऊक होतं?"

"न्हाय. आत्ता कळलं." मग मला राहवेना. "कळून घ्येतलं न्हाय, स्वामी."

"सा वर्सं दुसऱ्याचं लिंग!" मागून कुणीतरी पुटपुटलं. "हिला घरात कोण ठेवणार आता?"

"म्या ठेवणार."

आवाज आत्याबाईंचा होता. ज्या बाईने मला माहेरी पाठवलेल्या सुनेची गोष्ट दोनदा सांगितली, ती पुरुषांच्या गर्दीतून वाट काढत पुढे आली. "तिला काय इचारताय? मला इचारा. मार्गशीर्षात डबी म्या करून घ्येतली. ज्येष्ठ न्हाय, झाकण उलटंल, म्हणून त्यांनी सांगितलं हुतं. पोरीला जपायला सांगा म्हनले, त्येबी म्या सांगितलं न्हाय. कमीपणा वाटला मला." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आन् ही पूजेला बसली तवा लेप बघून मला त्याच सांजंला कळलं, लिंग कुणाचं हाय ते. दर सोमवारी ह्यो माणूस माज्या दारात बसून पूजा करायचा आन् म्या शेजारी वाती वळायची. सा वर्सं. तोंड उघडलं असतं तर आधी माजी चूक भाईर आली असती."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते दटावणारे डोळे. त्या दिवशी मला बसलेल्या धक्क्यांत हा शेवटचा, आणि कोणता मोठा हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

स्वामी उठले. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी डबीसकट लिंग त्यांच्या हातावर ठेवलं. झाकण उघडताना फुस्स असा आवाज आला. स्वामींनी ते लिंग धुतलं, विभूती लावली, बेल वाहिला आणि मामांच्या डाव्या तळहातावर ठेवून त्यांची वाळकी बोटं एकेक करून त्याच्यावर मिटली. रिकामी डबी त्यांच्या मांडीवर ठेवली. "चला," ते म्हणाले. "समाधी खणा. आणि ह्या पोरीला आज पाणी देऊ नका, संध्याकाळी मी येतो."

ते उलटलेलं झाकण मी पदरात बांधून आणलं. अजून माझ्याकडे आहे. भिजवून, पाट्याखाली दाबून मी कितीदा तरी ते सरळ करून पाहिलं. सुकलं की पुन्हा उलटतं.

संध्याकाळी स्वामी घरी आले. त्यांनी मला नवं लिंग दिलं. गावाकडून कुणी काही बोललं नाही. बोलणाऱ्यांच्या गळ्यातही मामांच्याच डब्या होत्या. "हे ठेवायचं कशात?" स्वामींनी विचारलं. माझ्या नवऱ्याने सासऱ्यांची चांदीची डबी काढून आणली. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती, ती तशीच पडून होती.

मी मान हलवली. "कापडात बांधा. ज्येष्ठ अजून यायचा हाय." ज्येष्ठात मी स्वतः मोगरी घेऊन माळावर जाणार होते, आणि गेलेही.

मग आत्याबाई उठल्या. महायुद्धाच्या लढाईपासून कापड मिळायची मारामार. त्यांचं एकच नवं लुगडं पेटीत घडी करून ठेवलेलं होतं. ते त्यांनी बाहेर काढलं आणि त्याचा पदर टर्रकन फाडला. फाडलेला तुकडा माझ्यापुढे धरला. सकाळपासून त्यांनीही पाणी घेतलं नव्हतं, हे मला तेव्हा त्यांच्या ओठांकडे बघून कळलं.

"एवढं पुरंल का गं?"

"साकु, आत्याबाई," मी म्हणाले.

मी तिथेच बसून पूजा केली, आणि मग आम्ही दोघी एकाच तांब्यातून पाणी प्यालो.